उलट बोलायचं नाही

लाकडाच्या वखारी संपल्या आणि सावलीही संपली. तिथे नणंद थांबली, मागे वळली आणि घसा साफ करून तिने भावजयीला विचारलं, "इथपर्यंत चालताना काय वाटलं?"

"तुमची पाठ बघत चालतेय असं वाटलं."

"अगं, तूच मुंगीच्या पावलाने..." नणंदेने तोंड उघडलं आणि मिटलं. नाकपुड्या तेवढ्या फुगल्या.

"बोला ना, वन्सं. बोला. मी सांगेन उद्या, की मध्येच बोलल्या म्हणून."

नणंद चालू लागली. या वेळी मात्र भावजयीच्या शेजारून.

उलट बोलायचं नाही, हाच तर नियम होता. बागा आणि खेळाची मैदानं सांभाळणाऱ्यांसाठी पालिकेने प्रशिक्षण काढलं होतं. अग्निशमन केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. जो पास होईल त्याच्या हाती बाग राहणार, नापास झालेल्याने पाइपांच्या गोदामात जाऊन बसायचं. आणि शेवटची परीक्षा अशी, की बागेजवळ राहूनही बागेत पाऊल न टाकणारं एक माणूस शोधायचं. त्याच्या दारापासून बागेपर्यंत त्याच्याबरोबर चालायचं, मधे मधे थांबून एकच प्रश्न विचारायचा आणि तो जे सांगेल ते गिळायचं. समजूत घालायची नाही, खुलासा करायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्या माणसाने परीक्षकांपुढे उभं राहून आपल्या तोंडाने सगळं सांगायचं. तो कोण, कुठला, नात्याचा की परका, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

नणंदेला असं माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. ते तिच्याच स्वयंपाकघरात उभं होतं.

दोघी एकाच घरात राहत होत्या, तीन खोल्यांत, आणि कितीतरी वर्षांत एकमेकींशी धड बोलल्या नव्हत्या. बोलणं व्हायचं ते भावजयीच्या नवऱ्यामार्फत. तो बिचारा जेवताना दोघींच्या मधे बसायचा. "तुझ्या बायकोला सांग, बाथरूमचा दिवा चालू राहिलाय." "तुमच्या बहिणीला सांगा, त्याच शेवटी गेल्या होत्या." तो ताटातून मान वर न काढता म्हणायचा, "ऐकलंत ना दोघींनी? मग मला घास गिळू द्या." परवाही असंच झालं. नणंद भिंतीकडे बघत भावाला म्हणाली, "हिला विचार, माझ्याबरोबर बागेपर्यंत चालशील का म्हणून. उद्याच्या उद्या नको. पण लवकर."

भावजयीने भांडं घासता घासता नियम ऐकून घेतले. उलट बोलायचं नाही, हे ऐकल्यावर तिचा हात थांबला. लग्न होऊन या घरात आल्यापासून ज्या बाईच्या तोंडाला तोंड देण्याची कुणाची छाती झाली नव्हती, ती गप्प राहून ऐकणार होती. भावजय देवाधर्माची बाई. दुसऱ्याचं वाईट चिंतू नये, हे ती रोज सकाळी हात जोडताना स्वतःला बजावायची. त्या दिवशी तिने हात जोडले आणि म्हणाली, देवा, वाईट चिंतत नाही, फक्त खरं बोलते. त्यात माझा काही दोष नाही.

आणि ती तयार झाली.

वखारीनंतर मोठा रस्ता लागला. चारी बाजूंनी गाड्या येत होत्या आणि पायी जाणाऱ्याचा दिवा लागून विझायला डोळ्याचं पातं लवायचा अवकाश. दोघी मधल्या दुभाजकावर अडकल्या. एक ट्रक इतका जवळून गेला, की भावजयीच्या हातातली पिशवी त्याच्या वाऱ्याने फिरली.

"इथे काय वाटलं?" नणंदेला ओरडून विचारावं लागलं.

"मागचं फाटक आठवलं."

नणंदेने चेहरा फिरवला.

त्यांच्या घराच्या गॅलरीतून बागेची मागची भिंत दिसायची. खाली उतरून गल्ली ओलांडली, की पूर्वी तिथे फाटक होतं, लोखंडी, ढकललं की कुरकुरणारं. नणंदेने त्याला वेल्डिंग मारून टाकलं होतं. तेव्हापासून त्या बाजूच्या लोकांना बागेत जायचं तर बाजार, वखारी आणि हा मोठा रस्ता असा अख्खा वळसा पडायचा. गल्लीतल्या लोकांनी तिला शिव्या घातल्या, अर्ज केले, शेवटी नाद सोडला. नावं ठेवण्याच्या नादात एक नाव मात्र पक्कं बसलं. शिट्टी. गळ्यात काळ्या दोरीला लावलेली शिट्टी ती झोपतानाच काय ती काढायची. "शिट्टी आली रे," म्हटलं की गल्लीतली पोरं चेंडू पोटाशी धरून पळायची. भावाला बाजारात लोक विचारायचे, "काय शिट्टीचे भाऊ, आज भाजी कशी?"

फाटक का बंद केलं, हे भावजयीला ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. नणंद त्या बागेवर पाणी घालायला रोजंदारीवर लागली, तेव्हा ती बाग नव्हतीच. उकिरडा होता, आणि उकिरड्यात चार बाक. बाकांवर दारुडे बसायचे, बाटल्या तिथेच फोडायचे. मागच्या फाटकातून येऊन मागच्या फाटकातून पसार व्हायचे. वडील नुकतेच गेलेले, धाकटा भाऊ शाळेत, आई घरी बसून शिलाई करायची. ती पोरगी सकाळी हाताने काचा वेचायची आणि संध्याकाळी तिथेच नव्या काचा पडायच्या. तक्रार केली तर साहेब म्हणायचा, "जमत नसेल तर सोड." एकदा एकाने तिच्या अंगावर ओतली उरलेली. तिने पाण्याच्या पाइपाने त्याला फाटकापर्यंत झोडत नेलं. दुसऱ्या दिवशी पाना आणून पहिला बाक उचकटला. मग दुसरा. मग मागच्या फाटकाला वेल्डिंग मारून घेतलं. बसायला जागा नाही, पसार व्हायला फाटक नाही म्हटल्यावर दारुडे गेले. तिने झाडं लावली, गुलाबाचे वाफे केले, त्यांना दगडी काठ बांधला. ती सुपरवायझर झाली. बाग शहरातली सगळ्यात स्वच्छ बाग म्हणून गणली जायला लागली.

पण बाक काही परत आले नाहीत. फाटकही उघडलं नाही. दारुडे गेले, त्यांच्या मागोमाग बाकीचेही जात राहिले आणि नणंदेला ते कळलंच नाही. कुणी नसलं की बाग आणखी स्वच्छ दिसायची.

रस्ता कसाबसा ओलांडला. पलीकडे बंद पेट्रोलपंपाची पत्र्याची शेड होती, तिथे भावजय दम खात उभी राहिली. नणंदेने पाण्याची बाटली पुढे केली. भावजयीने स्वतःच्या पिशवीतली काढली.

"त्या हॉलमध्ये हेच शिकवतात का?" भावजयीने विचारलं. "बायकांना उन्हात फिरवायला?"

"साखळी कशी तपासायची ते शिकवतात." नणंद शेडच्या खांबाकडे बघत म्हणाली. "झोपाळ्याची. नुसतं बघायचं नाही, कडीत बोट घालून फिरवायचं. आतून झिजते. वरून नवी दिसते."

"आणि?"

"घसरगुंडीखाली वाळू किती हवी. दोन गजांत पोराचं डोकं अडकतं की नाही." ती जराशी थांबली. "बोर्ड कसे लावायचे."

बोर्डाचं भावजयीला नवऱ्याकडून कळलं होतं आणि ते ऐकून ती खोलीचं दार लावून हसली होती. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी पडद्यावर एका फाटकाचा फोटो लावला. फाटकाजवळच्या भिंतीवर बोर्ड. धावू नका. खेळू नका. हिरवळीवर चालू नका. काठावर बसू नका. मोठ्याने हसू नका. खाली खाली उतरत गेलेले नुसते नका. सगळा हॉल खो खो हसला. एक जण म्हणाला, "अहो, श्वास घेऊ नका राहिलं की!" दुसरा म्हणाला, "ते मागच्या बाजूला असेल." तेवढ्यात शेवटच्या रांगेतून नणंद उठली. म्हणाली, "तो बोर्ड माझा आहे. रंगवलाही मीच आहे. ज्याला हसायचंय त्याने माझ्या बागेत येऊन काच शोधून दाखवावी."

हसू थांबलं. शिकवणाऱ्या बाई वयाने तिच्या लेकीसारख्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "काच नसेलच, ताई. माणूस सापडेल का ते सांगा."

तेव्हापासून नणंदेने त्या बाईंशी उभा दावा मांडला होता. बाईंनी म्हणावं, वृद्धांना उठताना धरायला हात असलेला बाक लागतो, नुसता सपाट चालत नाही. नणंदेने म्हणावं, दारुड्यांनाही तोच लागतो. बाईंनी म्हणावं, बाक आडोशाला टाकू नका, वाटेवर टाका, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत. चार भली माणसं बसली की पाचवा आपोआप सरळ वागतो. नणंदेने म्हणावं, तुम्ही बसलाय का कधी त्यांच्या शेजारी? रोज घरी येऊन ती आदळआपट करायची. पण वर्ग एक दिवस चुकवला नाही. ही बाग गेली, तर तिच्याकडे दुसरं काही उरत नव्हतं. नवरा नव्हता, मूल नव्हतं. घर होतं, पण त्यात ताटापुरती जागा.

बागेचं पुढचं फाटक आलं. बोर्ड काढलेला होता. भिंतीवर त्याचा पांढरा चौकोन उरला होता.

भावजय उंबरठ्याशी अडली. पायात गोळे आले होते, पण अडली ती त्यामुळे नव्हे.

"काय वाटलं?" नणंदेने विचारलं. आवाज आता खाली आला होता.

"अजून आत कुठे आलेय?"

ती आत गेली. बाग सुरेखच होती, नाही म्हणायला जागा नव्हती. वाटा झाडलेल्या, झाडांना पाण्याची आळी, गुलाबाला मोठमोठी फुलं. झोपाळे हलत नव्हते. एक म्हातारा वाटेवरून काठी टेकत चालला होता. थांबला, इकडेतिकडे पाहिलं, टेकायला काही दिसलं नाही तसा काठीवरच थोडा वेळ भार देऊन पुन्हा चालू लागला. नणंदेने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. भावजयीने ते टिपलं.

भावजय सरळ चालत गेली. कुठे जायचं ते तिला विचारावं लागलं नाही. तिसऱ्या वाफ्याजवळ, जिथे वाट वळते तिथे, ती थांबली आणि दगडी काठावर बसली. पिशवी मांडीवर घेतली.

नणंद तिच्यापासून थोडी दूर उभी राहिली. तिचा हात गळ्याशी गेला, शिट्टीपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला.

"विचारा की," भावजय म्हणाली. "काय वाटलं ते विचारा. याच्यासाठीच तर आले मी एवढी चालत."

पण नणंदेने विचारण्याआधीच शिट्टी वाजली. कर्कश, लांब. झाडावरचे पक्षी उडाले. पंपघराकडून रखवालदार तरातरा येत होता, चांगला चाळिशीतला, मिशीवाला माणूस. नणंद झाडाआड होती, त्याला दिसली नव्हती.

"ओ बाई! उठा! उठा काठावरून! कळत नाही का?"

"पाय दुखतात माझे," भावजय जागची न हलता म्हणाली.

"पाय दुखतात तर घरी बसायचं. उठा म्हणतो ना!" आणि मग त्याला नणंद दिसली. त्याने पटकन शिट्टी खाली केली, पण ओशाळला वगैरे नाही. उलट छाती थोडी पुढे आली. "मॅडम, बघताय ना. ऐकतच नाहीत."

"राहू दे," नणंद म्हणाली.

"कसं राहू दे, मॅडम? तुम्हीच तर शिकवलंय." तो भावजयीकडे वळला. एका अडाणी बाईला समजावून सांगावं तसा बोलू लागला. "बाई, तुम्हाला वाटत असेल मी मुद्दाम करतोय. आम्ही कामावर लागलो ना, तेव्हा मॅडमनी आम्हा सगळ्यांना याच जागी उभं करून सांगितलंय. ह्याच काठावर मॅडमची सख्खी आई बसली होती. सख्खी! तिला शिट्टी मारून उठवली मॅडमनी, चारचौघांत. म्हणाल्या, मी आईला सोडलं नाही, तुम्ही कुणाला सोडायचं नाही. प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. मग तुम्ही कोण लागून गेलात?"

रखवालदाराला आपण काही चांगलं बोललो असंच वाटत होतं.

"तू पंपाकडे जा," नणंद म्हणाली. तो गेला.

भावजयीला आजवर वाटत होतं, की त्या दिवसाबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे. ती तिथेच होती. सासूबाईंचे गुडघे गेलेले. फाटक केव्हाच बंद झालेलं. भावजय त्यांना हाताला धरून हाच सगळा वळसा घालून रोज संध्याकाळी आणायची, कारण त्यांचा हट्ट असायचा. वाटेत भेटेल त्याला सांगायच्या, "माझ्या लेकीची बाग आहे." त्या दिवशी त्यांना चालवेना. बाक नव्हता. भावजयीनेच त्यांना काठावर टेकवलं, म्हणाली, "बसा हो आई, लेकीच्याच बागेत तर बसताय." आणि शिट्टी. सगळी बाग वळून बघायला लागली. नणंद लांबूनच ओरडली, "उठा तिथून! नियम सगळ्यांना सारखा." म्हातारी उठायला गेली आणि धरायला काही नाही म्हणून तिने गुलाबाच्या झुडपाचाच आधार घेतला. तळहात काट्यांनी भरला. तरी उठली. आणि स्वतःच्या लेकीला म्हणाली, "चुकलं हं, साहेब."

त्यानंतर सासूबाई बागेत गेल्या नाहीत. गॅलरीत स्टुलावर बसून भिंतीपलीकडच्या झाडांचे शेंडे बघायच्या. बसून बसून गुडघे पार आखडले, मग खाट धरली, मग एक दिवस गेल्या. तळहातातला एक काटा आतच राहिला होता, तो कधी निघालाच नाही. नणंदेबद्दल त्या शेवटपर्यंत एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. न बोललेलं ते सगळं भावजयीने साठवलं होतं, आज ओतायला म्हणून.

पण हे तिला ठाऊक नव्हतं. आईला उठवलं, ही गोष्ट नणंद मिरवते, माणसांना ती धडा म्हणून शिकवते, हे तिला आज कळत होतं.

"तुम्ही सांगता हे?" तिचा आवाज चिरकला. "उभं करून सांगता? इथे?"

नणंदेने होकारार्थी मान हलवली.

"अहो, लाज वाटून लपवलंत असं वाटायचं मला! वाटायचं, वन्सं बोलत नाहीत म्हणजे आतल्या आत जळत असतील. देवापुढे बसले की म्हणायचे, त्यांना सुबुद्धी दे, त्यांच्या जिवाला खातंय ते. कसलं खातंय! तुम्ही तर शिकवणी चालवली त्याच्यावर! माझ्या सासूच्या काट्यावर!"

"माझीही आई होती ती."

"उलट बोलायचं नाही!" भावजय इतक्या जोराने ओरडली, की काठीवाला म्हाताराही थबकला. "नियम आहे ना? सगळ्यांना सारखा आहे ना? मग ऐका. मी इथे का येत नाही, ते विचारायला आणलंत ना मला? यासाठी येत नाही. उन्हासाठी नाही, ट्रकसाठी नाही. आणि उद्या सांगणार आहे. एक अक्षर गाळणार नाही."

नणंदेने गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली. शिट्टी मुठीत धरली. भावजयीला वाटलं, आता फेकेल आणि नाटक करेल. पण तिने ती नुसती खिशात टाकली, किल्ली टाकावी तशी. मग ती काठापाशी आली. बसली नाही. गुलाबाच्या झुडपाकडे बघत उभी राहिली, फांदीला धरावं की नाही अशा हाताने.

"पहिल्यांदा सांगितलं तेव्हा रडू येईल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "नाही आलं. मग दुसऱ्याला सांगितलं. सांगता सांगता ते बरोबर होतं असं वाटायला लागलं. दर वेळी थोडं जास्त."

"हे मला नका सांगू. मी काही तुमची शिकवणारी बाई नाही."

"नाहीस."

वाऱ्याने एक झोपाळा आपला आपण हलला. साखळी करकरली. नणंदेची मान सवयीने तिकडे गेली आणि परत आली.

"वर्गात पहिल्या आठवड्यात बाईंनी विचारलं होतं," ती म्हणाली, "तुमच्या कामातली अभिमान वाटावी अशी एक गोष्ट सांगा. मी हीच सांगितली. सगळ्यांपुढे. बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, जिंकले." ती थांबली. "उद्या परीक्षक बाहेरचे आहेत. त्यांना काही ठाऊक नाही. बाई बोलणार नाहीत, त्यांनी बोलायचं नसतं. बोलायचं फक्त तू."

"बोलणारच आहे."

"बोल. बाक काढले सांग, फाटक बंद केलं सांग. काठावर एक म्हातारी बसली होती, तिला उठवलं, तिचा हात काट्यांनी भरला, ती परत आली नाही, सगळं सांग. मला गोदामात टाकायचं असेल तर टाकू देत." तिने पहिल्यांदाच भावजयीच्या डोळ्याला डोळा दिला. आवाजात नरमाई कुठेही नव्हती. गल्लीभर भीती घालणारा तोच कोरडा आवाज होता. "फक्त म्हातारी म्हण. आई म्हणू नकोस."